कोणी वारलेलं नाही

सकाळी नऊ वाजता विद्यापीठाच्या आवारात नमद्याचं, म्हणजे लाटलेल्या लोकरीचं, गोल घर उभं राहिलं आणि साडेनऊला पहिला म्हातारा हंबरडा फोडत फाटकातून आत आला.

बिश्केक शहरात फेब्रुवारी महिन्यात दोन इमारतींच्या मधल्या बर्फावर असं घर दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो. आत कोणीतरी आडवं आहे. वसंतातला नवरोजचा सण असता तर गोष्ट वेगळी. नवरोजला चौकात अशी पन्नास घरं लागतात, आत गाणी असतात, बाहेर कढया असतात. पण नवरोजला अजून महिना होता. म्हाताऱ्याने रस्त्यावरून नमदा पाहिला, वरून निघणारा धूर पाहिला, कमरेवर हात ठेवले, मान खाली घातली आणि "अरे माझ्या भावा रे, माझ्या काळजा रे!" करत सुरू झाला. कोण मेलं हे त्याला माहीत नव्हतं. ते नंतर विचारता येतं.

एशेनकुल दाराशीच उभा होता. त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला.

"बाबा, थांबा. कोणी वारलेलं नाही."

"काय?"

"कोणी मेलेलं नाही. संशोधन चाललंय."

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याचे डोळे खरंच ओले होते. "मग धूर कसला?"

"आत थंडी आहे. यंत्रं गारठतात."

"यंत्रं," म्हातारा म्हणाला. त्याने एशेनकुलला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. "तुझी आई आहे का रे?"

"नाही."

"असती तर तिला चार शब्द सांगून गेलो असतो." त्याने नाक शिंकरलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

एशेनकुल अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि विद्यापीठाच्या संशोधन साहाय्य कार्यालयाचा प्रमुख होता. कार्यालयात एक टेबल, एक किटली आणि एक शिक्का होता. प्रमुखाच्या हाताखाली कोणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी विद्यापीठाने 'आंतरविद्याशाखीय कला संशोधन केंद्र' काढलं. नाव इतकं लांब होतं की दारावरच्या पाटीत मावलं नाही आणि 'केंद्र' हा शब्द शेजारच्या भिंतीवर गेला. भिंतीपलीकडे शौचालय होतं, त्यामुळे नवीन लोक बरेचदा चुकत. केंद्रात गाणारे, चित्रं काढणारे, हाडं मोजणारे आणि झाडं मोजणारे एकत्र बसून काहीतरी करत, आणि ते जे काही करत त्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट एशेनकुलने मिळवून द्यायची असे. एकाला दोन हजार मधमाश्या लागल्या. एकीला असा पियानो लागला की जो बुडवला तरी चालेल. कलावाले एशेनकुलला कारकून समजत, कारकून त्याला कलावाला समजत, आणि दोघेही त्याच्याशी जरा हळू आणि मोठ्याने बोलत.

पण तो आपल्या कामात वाकबगार होता. अर्जाच्या छापील कागदावर 'विभाग' या शब्दापुढे एकच रकाना असतो. तीन विभागांचं काम एका रकान्यात घालायचं म्हणजे तीन विभागप्रमुखांना पटवायचं की हे काम दुसऱ्या दोघांचं आहे, त्यांनी फक्त सही करायची. कुलगुरूंकडे कागद जेवणानंतर न्यायचा आणि प्र-कुलगुरूंकडे जेवणाआधी. कुलगुरू पोट भरलं की सही करतात, आणि प्र-कुलगुरू भूक लागली की करतात.

हे नमद्याच्या घराचं काम झिपारचं होतं. झिपार तिशीची, संगीताची, सात वर्षं परदेशात राहून परत आलेली. तिचा प्रश्न साधा होता. कोणी मेलं की बायका घराच्या आत बसतात, दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड, आणि मेलेल्याचं नाव घेऊन कोशोक गातात, म्हणजे रडगाणं. पुरुष बाहेर दाराशी वाकून उभे राहतात. लांबून येणारा पाहुणा हंबरडा फोडत येतो आणि दाराशी उभे असलेल्यांनी त्याला हंबरड्यानेच उत्तर द्यायचं असतं. आतल्यांना बाहेरचे दिसत नाहीत, बाहेरच्यांना आतल्या दिसत नाहीत, तरी दोन्ही आवाज एकमेकांत बरोबर बसतात. "कसे बसतात?" झिपार विचारायची. "मध्ये चार बोटं जाड लोकर आहे! आणि हे पूर्ण गाणं आजवर कोणी ऐकलेलंच नाही, कारण जो तो एकतर आत असतो नाहीतर बाहेर, आणि रडत असतो."

तिच्या जोडीला भौतिकशास्त्राचा मेलिस होता. बासष्ट वर्षांचा. बापाने मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन या चौघांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं होतं. चौघांचं ओझं तो जन्मभर एकट्याने वाहत आला होता आणि त्याला रस फक्त प्रतिध्वनीत होता.

पहिल्यांदा एशेनकुलने कारखान्यात बनलेलं घर भाड्याने आणलं. मेलिसने त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "ताडपत्री आहे ही. यात आवाज मरत नाही, नुसता लाजतो. हाताने लाटलेला नमदा आणा, मेंढीच्या लोकरीचा."

"कुठून आणू, मेलिस आगाय? असलं घर कोण देतं?"

"ते साहाय्य कार्यालयाने बघायचं."

"माझ्याकडे आहे," एशेनकुल म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हणालो.

घर त्याच्या बायकोचं होतं. बुरुलने ते अकरा वर्षं बनवलं होतं, दर उन्हाळ्यात थोडं थोडं. लोकर पिंजायची, चटईवर पसरायची, वर उकळतं पाणी ओतायचं, गुंडाळायची आणि लाटत राहायचं. नमदा बांधायचे पट्टेही तिने स्वतःच विणले होते, लाल आणि काळे. आता ते सगळं घर त्याच्या गॅरेजमध्ये गुंडाळून पडलं होतं, गाडी बाहेर उभी राहत होती.

बुरुल साथीच्या त्या जुलैत गेली. त्या जुलैत शहरात कुठेही नमद्याचं घर उभं राहिलं नाही. जमायलाच बंदी होती. तिला दवाखान्यातून पिशवीत बांधून नेलं आणि पांढरे पोशाख घातलेल्या सहा अनोळखी माणसांनी पुरलं. एशेनकुल शंभर पावलांवर तोंडाला फडकं बांधून उभा होता. दुसऱ्या दिवशी बुरुलचा धाकटा भाऊ ओरोझाली कोचकोर गावाहून सगळी नाकी चुकवत आला. घर नव्हतं, बायका नव्हत्या, कोणीच नव्हतं. तो एशेनकुलच्या पाच मजली इमारतीच्या खाली उभा राहून रीतीप्रमाणे हंबरडा फोडू लागला, आणि दारात उभ्या असलेल्या एशेनकुलने उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. एकदा नाही, तीनदा उघडलं. ओरोझाली एकटा ओरडत राहिला. मग थांबला, म्हणाला, "माझी बहीण एका लाकडाला दिली होती आम्ही," आणि परत गेला. त्यानंतर अडीच वर्षं त्याने फोन उचलला नाही. आवाज एशेनकुललाही परत मिळाला नाही. बोलायचा आवाज होता. तो दुसरा नव्हता.

त्यामुळे एशेनकुलने मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. घर एका दिवसात उभं करायचं, मोजायचं, संध्याकाळी पाचला उतरवायचं, आणि ओरोझालीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. जे घर बहिणीसाठी उभं राहिलं नाही ते यंत्रांसाठी उभं राहिलं, हे त्याला कळलं असतं तर तुटलेलं पुन्हा कधी जोडलं गेलं नसतं.

मुळात ते व्यायामशाळेत उभं राहायचं होतं, छपराखाली, कोणाला न दिसता. पण आदल्या दिवशी दुपारी व्यायामशाळेचा प्रमुख आला आणि म्हणाला की मंत्रालयातले लोक व्हॉलीबॉल खेळायला येतायत. भाड्याची यंत्रं एकाच दिवसापुरती होती. राहिलं आवार.

"लोक काय म्हणतील, एशेके?" झिपारने विचारलं होतं. ती त्याला आदराने एशेके म्हणायची.

"पाटी लावू."

पाटी त्याने स्वतः रंगवली. मोठ्या अक्षरांत: 'संशोधन चालू आहे. कोणी वारलेलं नाही.' फाटकावर, डोक्याच्या उंचीवर टांगली. त्याच्यासारख्या अनुभवी माणसाच्या एवढंही लक्षात आलं नाही की हंबरडा फोडत येणारा माणूस मान खाली घालून येतो. ज्यांनी ती वाचली त्यांचा तर संशय आणखी वाढला. कोणी वारलेलं नसताना तसं लिहून कोण लावतं?

दहा वाजेपर्यंत अकरा जण झाले. इतिहास विभागातले दोघे रडून झाल्यावर नाश्त्याला काय आहे ते विचारू लागले. आलेल्या माणसाला उपाशी पाठवता येत नाही, मग मेलेलं असो वा नसो. एशेनकुलने उपाहारगृहातून बोरसोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात आणि चहा मागवला. चहा दिसल्यावर मात्र कोणाच्याच मनात शंका उरली नाही.

साडेदहाला प्र-कुलगुरू बेयशेन काळी टोपी घालून आले. ते सकाळी मंत्रालयात होते, तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की विद्यापीठात घर उभारलंय. विद्यापीठाच्या आवारात घर म्हणजे कुलगुरूच. कुलगुरू सुयुनाली दोन दिवस दिसले नव्हते हेही खरं. बेयशेन चांगले उंच आवाजात सुरू झाले. "माझ्या थोरल्या भावा रे! विद्यापीठ पोरकं केलंस रे! आता ही धुरा कोण वाहील रे!" त्यांची चाल पाहून वाटत होतं की धुरा कोणी वाहायची ते त्यांनी गाडीतच ठरवलंय.

तेवढ्यात मागच्या फाटकातून दुसरा हंबरडा ऐकू आला. कुलगुरू सुयुनाली दातांच्या डॉक्टरकडून येत होते. एक गाल सुजलेला होता आणि भुलीमुळे अर्धं तोंड हलत नव्हतं. त्यांना रस्त्यात फोन आला होता आणि त्यांनीही साधा विचार केला होता, की आपण तर जिवंत आहोत, म्हणजे बेयशेन गेला. "माझ्या धाकट्या भावा रे!" ते अर्ध्या तोंडाने ओरडत होते. "माझा उजवा हात तुटला रे!"

दोघे माना खाली घालून दोन बाजूंनी आले. रीतीप्रमाणे एकाने दुसऱ्याला उत्तर दिलं. रीतीप्रमाणे मिठी मारली. मग एकमेकांचे चेहरे पाहिले.

आवारात तीस माणसं होती, कोणीही हसलं नाही. हे त्या तीसही जणांनी आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम असावं.

"तुम्ही बरे आहात ना?" बेयशेन म्हणाले.

"मी उत्तम आहे," कुलगुरू म्हणाले. "तुम्ही?"

"मीही."

"छान." मग दोघेही एकदम एशेनकुलकडे वळले. "हे काय आहे?"

"ध्वनिमापनासाठी तात्पुरती नमदा-रचना," एशेनकुल म्हणाला आणि खिशातून कागद काढला. "दोघांची सही आहे. तुमची जेवणानंतरची, तुमची आधीची."

दोघांनी कागद वाचला, बहुधा पहिल्यांदाच. कुलगुरूंनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. "पाचच्या आत उतरवा," ते म्हणाले. "आणि मी रडलो ते यंत्रात आलंय का?"

"आलंय," मेलिस घरातून ओरडला. कानाला यंत्रं लावून तो सकाळपासून आतच बसला होता. "फार चांगलं आलंय! तुमच्यापेक्षा बेयशेन साहेबांचा खालचा सूर कमी पडतो, पण त्यांचा दम जास्त आहे!"

ते गेल्यावर खरं काम सुरू झालं. मेलिसने सगळ्यांचे फोन बंद करून एका टोपलीत ठेवायला लावले. घरात तीन बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांच्यात मोठी शाइरकुल एजे, म्हणजे थोरली ताई, सत्तरीची. तिच्या कोशोकची ख्याती अशी होती की काही लोक मरण्याआधी तिची तारीख विचारून घेतात असं म्हणत.

"नाव काय?" शाइरकुलने विचारलं.

"कोणाचं, एजे?" झिपार म्हणाली.

"मेलेल्याचं. नावाशिवाय रडू कुणाला?"

"कुठलंही घ्या ना. प्रयोग आहे."

"'क्ष' म्हणा," मेलिसने सुचवलं.

"क्षसाठी मी रडणार नाही. क्षचं मी काही खाल्लेलं नाही."

झिपारने एशेनकुलकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. घर कोणाचं आहे हे तिला माहीत होतं. एशेनकुल चुलीत गोवरी सरकवत राहिला. एक नाव सांगायचं होतं, तीन अक्षरांचं. ते त्याच्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"बरं, मग मी माझ्या घोड्यासाठी रडते," शाइरकुल म्हणाली. "चांगला होता. गेल्या वर्षी गेला." आणि ती घोड्यासाठी अशी गायली की मेलिसलासुद्धा चष्मा पुसावा लागला. वाफेमुळे, तो म्हणाला.

बाहेर ओरडायला नाट्य विभागातला एक नट आणला होता. तो छाती पुढे काढून, हात पसरून ओरडायचा. शाइरकुल भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "कोण हो तो? याला पोटदुखी आहे का?" तीन वेळा केलं, तिन्ही वेळा बायकांचा सूर तुटला. शेवटी नट रुसून गेला.

झिपार एशेनकुलपाशी आली. "एशेके, तुम्ही कराल का? एकदाच. पाच मिनिटं."

"माझं काम सह्या आणायचं आहे."

"तुम्हाला येतं. तुमच्या वयाच्या सगळ्यांना येतं."

"मला येत नाही," एशेनकुल म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की झिपारने पुन्हा विचारलं नाही. "मी आत बसतो. ऐकायला माणूस लागतो म्हणालात ना? तेवढं करतो."

तो दाराच्या डाव्या हाताला मांडी घालून बसला. दुपारचे दोन वाजून गेले होते. तीन तास राहिले होते, मग घर गुंडाळायचं, गॅरेजमध्ये टाकायचं, संपलं. नमद्यातून बाहेरचे आवाज येत होते पण जाड होऊन, तोंडावर रुमाल धरल्यासारखे. फाटकाशी गाडी थांबली. दार आपटलं. एक मेंढा ओरडला. मग माणूस ओरडला.

"कायरान जेझदे!"

मेलिसने दोन्ही अंगठे वर केले. नट सुधारून परत आला असं त्याला वाटलं. शाइरकुलचा घोडा एका कडव्यात अडकला होता, तो सुटला आणि तिचा सूर बाहेरच्या सुरात जाऊन बसला.

एशेनकुलने मात्र दाराकडे मान वळवली. कायरान म्हणजे गेलेला लाडका माणूस, जेझदे म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. जगात त्याला जेझदे म्हणणारा एकच माणूस होता.

"कायरान जेझदे! माझ्या बहिणीच्या धन्या रे! फोन लावला, बंद रे! पुन्हा लावला, बंद रे! तेव्हाच कळलं रे!"

सकाळी कोणीतरी आवाराचा फोटो काढला होता. तो नातेवाइकांच्या गटात फिरत फिरत कोचकोरला पोचला. ओरोझालीने लाल-काळे पट्टे ओळखले. बुरुलचं घर उभं आहे, तेही एशेनकुलच्या विद्यापीठात, आणि एशेनकुलचा फोन बंद आहे. आणखी कोणाला विचारायची गरजच नव्हती.

"तुझ्यासारखा सरळ माणूस नव्हता रे! मी तुला लाकूड म्हणालो, जीभ झडो माझी! अकरा वर्षं ती नमदा लाटत होती आणि तू पाणी ओतलंस रे! सगळं गाव हसलं, बायकोला पाणी ओतून देतो म्हणून हसलं, मीपण हसलो रे! असा नवरा कुठे मिळतो रे! तुझा गाडीचा जॅक मी परत केला नाही रे! हरवला म्हणालो, हरवला नव्हता रे!"

झिपारने डोळे विस्फारून एशेनकुलकडे पाहिलं. मेलिस काट्यांकडे बघत आनंदाने डुलत होता.

बाहेरचा आवाज जवळ आला, दाराशी आला आणि तिथे थांबला. थांबला म्हणजे ओरडत राहिला, पण एकटाच. दाराशी कोणी नव्हतं. उत्तर कोण देणार?

शाइरकुलने गाणं तोडलं. पहिल्यांदाच भिंतीकडून तोंड वळवलं. "बाहेर माणूस एकटा ओरडतोय," ती म्हणाली. "इथे पुरुष कोण आहे?"

"एजे, थांबू नका, चालू आहे!" मेलिस म्हणाला.

"तू गप. तू पुरुष नाहीस, तू यंत्र आहेस. ए, दाराशी बसलास तो. ऊठ."

एशेनकुल उठला. दाराचा नमदा बाजूला केला आणि बाहेर गेला. समोर ओरोझाली दुमडून उभा होता, हात कमरेवर, टोपी डोळ्यांवर. बर्फावर त्याच्या नाकातून पाणी पडत होतं. अडीच वर्षांत तो खूपच म्हातारा झाला होता. एशेनकुल त्याच्यासमोर वाकला. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नाही.

ओरोझालीला समोर बूट दिसले. बुटांवरून त्याची नजर वर गेली.

तो अर्ध्या शब्दात थांबला. मग शिव्या सुरू झाल्या. कोचकोरच्या माणसाला जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या, आणि काही त्याने तिथल्या तिथे बनवल्या. "मेला नाहीस?"

"नाही."

"मग साडेतीन तास गाडी हाकत मी कशाला रडलो? खिंडीत रडलो! पोलिसाने थांबवलं, तोसुद्धा रडला माझ्यासोबत!"

"संशोधन आहे, ओरोझाली. आवाज मोजतायत."

"संशोधन." ओरोझालीने घराकडे पाहिलं. पट्ट्यांवर हात ठेवला. आवाज एकदम खाली आला. "हे माझ्या बहिणीचं घर. तिला नाही मिळालं. आणि तू ते यंत्रांना दिलंस."

एशेनकुलला याच वाक्याची भीती होती. सकाळपासून नाही, महिनाभर. त्याने कोणतीही सबब तयार ठेवलेली नव्हती.

"दिलं," तो म्हणाला. "मागितलं आणि मी देतो म्हणालो. का ते मलाही माहीत नाही. गॅरेजमध्ये बघवत नव्हतं. उभं राहावं असं वाटत होतं, कशासाठी का होईना."

"आणि त्या दिवशी? मी खाली ओरडत होतो आणि तू माशासारखा नुसता तोंड उघडत होतास."

"आवाज आला नाही. आत्ताही आला नाही, बघितलंस ना. तुला वाटतं मी केलं नाही? रोज करतो. गाडीत करतो, काचा वर करून. येत नाही."

मयताच्या जेवणासाठी आणलेल्या मेंढ्याने ओरोझालीच्या कोटाची बाही चघळायला घेतली, ती त्याने सोडवली. "हा पट्टा कोणी बांधला?"

"भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी."

"उलटा आहे. बुरुलने पाहिलं असतं तर कानशिलात दिली असती." तो गाठ सोडवू लागला. बोटं गारठलेली होती, गाठ सुटेना. एशेनकुलने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पट्टा सरळ केला, घट्ट ओढला.

"पाचला उतरवायचंय," एशेनकुल म्हणाला.

"कोण म्हणतो?"

"कुलगुरू."

"त्यांना सांग, मुडद्याचं घर त्याच दिवशी उतरवत नाहीत." मग ओरोझालीने फाटकाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "जेझदे, एक गोष्ट सांगायची राहिली."

"काय?"

"मी एकटा नाही आलो. मी पुढे आलो."

फाटकाबाहेर दोन मिनीबस थांबत होत्या. दारं उघडली. कोचकोरचे पुरुष एकामागून एक उतरले, काका, चुलतभाऊ, त्यांचे व्याही, शेजारी. रीतीप्रमाणे त्यांनी कमरेवर हात ठेवले, माना खाली घातल्या आणि पाटीखालून, पाटी न बघता, पंचवीस जण एकदम सुरू झाले. "कायरान एशेनकुल! माझ्या एशेनकुल रे!"

मेलिस यंत्रांच्या तारा ओढत दारातून बाहेर आला. "किती जण आहेत? कोणीही थांबवू नका!"

"हे आपल्याला मारतील," एशेनकुल म्हणाला.

"तुला मारतील. मला तर तूच फसवलंस." ओरोझालीने टोपी सरळ केली. "परत पाठवता येतील का?"

"सुरू झालेत. कसं पाठवणार?"

"मग नाव सांग."

"काय?"

"नाव सांग त्यांना, बैला! कोणासाठी रडायचं?"

एशेनकुल दोन पावलं पुढे गेला. माणसं बर्फावरून येत होती, वाकलेली, एकमेकांच्या टाचांकडे बघत. त्याने श्वास घेतला आणि साध्या, बोलायच्या आवाजात, जेवढा मोठा करता येईल तेवढा करून ओरडला.

"मी जिवंत आहे! बुरुल! बुरुल गेली!"

कोणीही थांबलं नाही. कोणी मान वर केली नाही. सगळ्यात पुढे असलेल्या आबदिलास काकांचा फक्त एक सूर चुकला, मग "कायरान बुरुल!" म्हणून त्यांनी तो उचलला, आणि मागच्या सगळ्यांनी चालता चालताच नाव बदललं. "माझ्या लेकी गं! माझ्या बुरुल गं!" अडीच वर्षं राहिलेलं होतं ते. हे त्यांच्या मनातही असणार, नाहीतर एवढ्या चटकन कोण बदलतं? आत शाइरकुलने घोडा सोडला. नमद्यातून तिचा आवाज आला, बुरुलचं नाव घेऊन, आणि दुसऱ्या दोघी तिच्या मागून निघाल्या.

ओरोझाली एशेनकुलच्या शेजारी येऊन उभा राहिला. पहिली रांग दहा पावलांवर आली. उत्तर द्यायची वेळ झाली. एशेनकुलने हात कमरेवर ठेवले आणि वाकला. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला नाही. ते आपोआप उघडलं आणि जे बाहेर आलं ते ऐकून तो स्वतःच दचकला. आवाज नीट नव्हता. फाटका होता, मध्येच घसरत होता, पण एवढा मोठा की विद्यापीठाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. झिपार दारात उभी होती, तिने तोंडावर हात धरला. मेलिसने कानावरची यंत्रं काढून ठेवली.

आबदिलास काकांनी त्याला मिठी मारली. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. प्रत्येकाने मारली, प्रत्येकाला त्याने उत्तर दिलं. काहींनी मिठीतल्या मिठीत त्याच्या बरगडीत गुद्दाही मारला, जिवंत असल्याबद्दल. सातव्या-आठव्या माणसापाशी त्याचा दम संपायला आला तरी आवाज थांबेना.

शेजारून ओरोझालीने कोपराने ढोसलं.

"हळू घे, जेझदे," तो नाक पुसत म्हणाला. "तीन दिवस ओरडायचंय."